दोन डगरींवर

हिवाळाभर आम्ही नऊ बोटी पाहिल्या.
रेवी इंजिनाच्या कप्प्यात डोकं घालायचा,
तोवर मी बिछान्यावर आडवी होऊन बघायची
रात्री उठताना एकाला
दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं का.
या वयात हे दोनदा होतं. कधी तीनदा.

फांगारेच्या धक्क्यावर आम्हाला ओळखतात ते 'तोरेआ'मुळे,
पस्तीस वर्षं एकच लाकडी शिडाची बोट.
ती कलली की आम्हीही कलून जेवायचो,
सूप नेहमी त्याच्या मांडीवर.
विकली तेव्हा रेवी शुक्रवारपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, गुडघा आता शिड ओढत नाही, नोएलीन.

शिडाच्या माणसानं मोटारबोट घ्यायची,
तीही दोन अंगांची, धक्क्याचं भाडं दीडपट!
शेजारचे नुसत्या भुवया उडवतात.
मुलगी पर्थहून बजावते,
घर ठेवा नाहीतर बोट,
दोन डगरींवर पाय ठेवू नये गं.
आणि मला तर नेमकं तेच हवंय:
दोन डगरी, मधून वाहतं पाणी,
आणि टेबलावर न कलणारा पेला.

शाळेतल्या पोरांचे दात तपासण्यात माझी नोकरी गेली.
जाताना आणलेला छोटा आरसा अजून पर्समध्ये असतो.
त्याच्या दांड्यानं मी डेक ठोकत जाते,
टक, टक, टक, टक,
मग एके ठिकाणी टप.
इथं आत पाणी शिरलंय, मी म्हणते.
काही नाही हो तिथे, लॅकलन दलाल म्हणतो.
पोरंही हेच म्हणायची, तोंड घट्ट मिटून.

एकीचा मधला पूल इतका खाली
की लाट टेबलाखालून थपडा मारायची.
एक फार देखणी होती.
तिच्या पोटात उतरायला पाच उभ्या पायऱ्या.
रेवी उतरला. वर येताना तिसरीवर थांबला,
कठडा धरून छताकडे बघत राहिला,
जणू वायरिंग तपासतोय.
मी मोठ्यानं म्हटलं, मला नाही आवडले हिचे पडदे.

नववी योहानाची.
दोन्ही इंजिनांचे तास: दोनशे बारा. नऊ वर्षांत.
लॅकलनला ही आनंदाची बातमी वाटते.
योहानानं चहा केला. कपांना एक टवका नाही.
भिंतीवर नकाशा, टोंगापर्यंत पेन्सिलीची रेघ.
'पुढच्या मे महिन्यात निघणार होतो.'
असे किती मे, मी विचारलं नाही.
तिनं आपण होऊन सांगितलं ते वेगळंच:
विलेम पडला तेव्हा ते दूर एका खाडीत होते,
आणि रेडिओवर एक अनोळखी आवाज तिला शिकवत होता
कुठली मूठ पुढे, कुठली मागे.

मी रेवीला म्हटलं, उतर.
धक्क्यावर बस. हात खिशात.

एक इंजिन पुढे, एक मागे,
सुकाणूला बोट न लावता ती जागच्या जागी वळते,
हे कागदावर.
नदीवर हातेआची ओहोटी उजवीकडे ओढत होती.
पहिल्या खेपेला फेंडर किंचाळला.
लॅकलननं डोळे मिटले.
दुसऱ्यांदा तिरकी आले, मागे घेतली.
तिसऱ्यांदा मीच आणली, मीच उतरले, मीच दोर बांधला.
गाठ बघायला योहाना खाली वाकली
आणि बराच वेळ वाकूनच राहिली.
रेवी उभा होता. हात खिशातच,
पण कापडातून मुठी दिसत होत्या.

घासाघीस त्यानं केली. ते त्याचं काम.

घरातला आमचा पलंग भिंतीला लागून आहे.
त्या रात्री तो दोनदा माझ्या अंगावरून गेला.
दुसऱ्यांदा अर्ध्यात थांबला, गुडघा हातानं उचलत.
'त्या पाच पायऱ्यांवाल्या बोटीचे पडदे,' म्हणाला,
'मला आवडले होते.'